नाशिकरोड स्टेशन परिसर : आधी फुटपाथ, मग एफएसआय

स्टेशन परिसराचा विकास म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते, किती मिळणार? पुण्या-नागपुरात मेट्रो स्थानकांभोवतीच्या 500 मीटरच्या पट्ट्यात तो 4 पर्यंत नेण्याची तरतूद आहे, मग नाशिकरोडला का नको? मिळू द्या की! माझा आक्षेप क्रमाला आहे. आधी चालायची सोय, मग पार्किंगला आळा आणि मजले सगळ्यात शेवटी.

नकाशावर 500 मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं की साडेअठ्ठ्याहत्तर हेक्टर जागा दिसते. पण माणूस गल्ल्यांमधून वळत जातो. गल्ल्या अगदी काटकोनात आखलेल्या असल्या तरी 500 मीटर चालून गाठता येणारं क्षेत्र 50 हेक्टरवर येतं. त्यात रुळांनी परिसर चिरलेला. पूल बांधायचा तर विजेच्या तारांमुळे साडेसहा मीटरच्या आसपास उंच, म्हणजे चाळीसेक पायऱ्या चढा आणि तेवढ्याच उतरा. 1:12 चा, म्हणजे 12 मीटरला एक मीटर चढणारा, रॅम्प केला तर एका बाजूलाच 78 मीटर, मधले सपाट टप्पे वेगळे. म्हणून लिफ्ट असलेला, प्लॅटफॉर्म तिकीट न लागणारा सार्वजनिक पादचारी पूल आधी हवा. तो नसताना पलीकडच्या प्लॉटला ‘स्टेशनलगत’ म्हणून जादा एफएसआय देणं ही शुद्ध थाप आहे.

आता फुटपाथ. दुकानांच्या रस्त्यावर निव्वळ चालायला अडीच मीटर, रस्त्याकडे झाडं, खांब आणि हातगाड्यांसाठी दीड मीटर, दुकानासमोर थांबणाऱ्या गिऱ्हाइकासाठी अर्धा मीटर. कर्ब, म्हणजे फुटपाथची दगडी कड, 150 मिलिमीटरपेक्षा उंच नको. एवढं कागदावर सगळेच काढतात. गोची होते गेटपाशी. सोसायटीचं गेट आलं की फुटपाथ तोडून रस्त्याच्या पातळीला आणतात, पुढे पुन्हा चढवतात. दर पंधरा-वीस मीटरला असा चढउतार आला की चाकांची बॅग ओढणारा प्रवासी रस्त्यावर उतरतो, आणि ‘लोक फुटपाथ वापरतच नाहीत’ म्हणायला आपण मोकळे! फुटपाथ सलग सपाट ठेवायचा. चढायचं ते गाडीने, कडेच्या दीड मीटरच्या पट्टीत. 150 मिलिमीटरला एक मीटर उतार पुरतो. दुसरी खोड डांबराची. जुना थर न खरवडता 40-50 मिलिमीटरचा नवा थर टाकत गेलं की तीन-चार खेपांत कर्ब गडप होतो आणि पावसाचं पाणी थेट फुटपाथवर.

हातगाडीवाल्यांना हाकलून परिसर ‘सुंदर’ होतो हा गैरसमज. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार त्यांना जागा ठरवून द्यायचीच आहे. ती त्याच पट्टीत, झाडांच्या मध्ये द्या. सोबत नळ आणि सांडपाण्याला तोंड द्या, नाहीतर नाशिकच्या ‘उलटा वडापाव’चं तेलकट पाणी पावसाळी गटारात जाणार. रात्री उशिराच्या गाडीने उतरणाऱ्या बाईला हायमास्टच्या उंच दिव्यापेक्षा उघड्या हातगाडीचा आधार जास्त वाटतो.

खाली दुकान, वर बिऱ्हाड ही नाशिकच्या सराफ बाजाराची जुनीच रीत. नव्या इमारतींनी ती मोडली : तळमजल्यावर नुसत्या खांबांमधलं स्टिल्ट पार्किंग, पुढे कंपाउंडची आंधळी भिंत. नियम साधा करावा. रस्त्याकडून पहिले सहा ते आठ मीटर दुकानं, पार्किंग त्यामागे, पुढच्या मार्जिनमध्ये, म्हणजे इमारत आणि रस्ता यांमधल्या मोकळ्या जागेत, एकही गाडी नाही. पार्किंगची किमान अट काढून कमाल मर्यादा घालावी. वळायच्या जागेसकट एक कार 25 चौरस मीटर खाते. तेवढ्यात एक वन आरके बसतो, आणि स्टेशनजवळ छोटी घरं नसतील तर तिथे दोन गाड्यावालेच राहायला येतील.

मजले वाढवताना गटाराचाही हिशेब मांडा. हजार फ्लॅट, घरटी साडेचार माणसं, माणशी 135 लिटर, म्हणजे रोज सहा लाख लिटर पाणी. त्यातलं 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर येणार. जुनी लाइन ते पेलणार नसेल तर जादा एफएसआयसाठी बिल्डर भरतो तो प्रीमियमचा पैसा आधी तिथेच जिरवा.

2027 च्या सिंहस्थासाठी स्टेशनबाहेर गर्दी थोपवायला मोकळं मैदान लागेलच. ते पुढे पे अँड पार्क होऊ नये म्हणून आत्ताच कडेने झाडं, बसायला ओटे आणि काढता येणारे बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे बुटके खांब, आराखड्यात घाला. बोलार्डमधलं अंतर 1.2 मीटर ठेवा, व्हीलचेअर जाते. दुचाकीही जाते म्हणा; त्याला डिझाइनमध्ये उपाय नाही, पावती फाडणारा हवालदारच लागतो.