पहिली पॅडेल रॅकेट : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पॅडेलच्या (काचेच्या भिंतींनी वेढलेल्या कोर्टवर खेळल्या जाणाऱ्या टेनिससारख्या खेळाच्या) रॅकेटवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप नोंदवले आहेत. नवशिक्याला फायबरग्लासची गोल रॅकेट सुचवणे म्हणजे त्याला वर्षभरात पुन्हा खर्चात पाडणे होय, त्यापेक्षा त्याने सुरुवातीलाच 18 के कार्बनची, हिऱ्याच्या आकाराची रॅकेट घ्यावी, हा पहिला. आणि आपल्यासारख्या जुन्या टेनिसपटूला नवशिका समजू नये, हा दुसरा.

दुसरा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. टेनिस खेळलेल्या माणसाची नजर आणि व्हॉली तयार असते खरी, परंतु मागच्या काचेवर आपटून परतणारा चेंडू त्याच्या सवयीचा नसतो. तो बहुधा अंगालगत, घाईने मारावा लागतो आणि क्वचितच रॅकेटच्या मधोमध लागतो. गोल रॅकेटचा स्वीट स्पॉट, म्हणजे चेंडू सर्वांत नीट बसतो तो भाग, मोठा आणि मध्यभागी असल्यामुळे असा चुकार फटकाही जाळीपलीकडे जातो. हिऱ्याच्या आकारात हा स्पॉट लहान असून वर सरकलेला असतो आणि वजनही टोकाकडे झुकते, म्हणून स्मॅशला जोर मिळतो, पण बचाव कठीण होतो. ग्रॅमच्या आकड्यावरून हा फरक कळत नाही. दुकानात 365 ग्रॅमच्या दोन रॅकेट एकेका बोटावर आडव्या तोलून पाहाव्यात : जिचा तोल मुठीपासून अधिक दूर साधतो, ती खेळताना जड वाटते आणि तिसऱ्या सेटपर्यंत कोपर कुरकुरू लागते.

राहिला खर्च. नवशिका मागच्या चेंडूच्या नादात रॅकेट काचेवर आपटतोच, आणि ताठर कार्बन असे आघात फायबरग्लासइतके सोसत नाही. शिवाय 18 के हा आकडा दुकानदार सोन्याच्या कॅरेटसारखा सांगत असले, तरी त्याचा अर्थ कार्बनच्या एका पेडात 18,000 तंतू आहेत, एवढाच होतो. रॅकेट कडक की मऊ हे कापडाचे थर, राळ आणि आतला गाभा मिळून ठरवतात.

गाभ्याचा मुद्दा गोव्यात विशेष महत्त्वाचा आहे. गाभ्यात भरलेला ईव्हीए फोम (रबरासारखा लवचिक फोम) उष्णतेने मऊ पडतो, त्यामुळे आधीच मऊ असलेला गाभा एप्रिल-मेच्या दुपारी चेंडू जणू गिळून टाकतो. म्हणून येथे नवशिक्यानेही मध्यम गाभा घ्यावा आणि रॅकेट गाडीच्या डिकीत तापत ठेवू नये. (मुठीवर गुंडाळायची पट्टी, म्हणजे ओव्हरग्रिप, आपल्या दमट हवेत किती लवकर बदलावी लागते, हे आपणांस सांगायला नको.)

आपल्यापुरते विचाराल, तर थेंबाच्या आकाराची (गोल आणि हिरा यांच्या मधली), मध्यम तोलाची, 360 ग्रॅमच्या आसपासची रॅकेट घ्यावी. शक्य असल्यास ती आधी कुणाकडून तरी मागून घेऊन एक संपूर्ण सामना खेळावा आणि त्यात स्मॅश किती बसले यापेक्षा काचेवरून आलेले किती चेंडू परत गेले, हे मोजावे.