मुसोलिनीचं कौतुक आणि त्याचेच कागद

'मुसोलिनी हुकूमशहा असेल, पण त्याने इटलीतल्या गाड्या वेळेवर आणल्या, म्हाताऱ्यांना पेन्शन दिली, दलदल उपसून शहरं वसवली. बाकी सगळी बदनामी जेत्यांनी लिहिलेली. ग्रंथालयातली पुस्तकं एकतर्फीच असतात.' हा मजकूर अधूनमधून फिरत असतो. यातला प्रत्येक दावा ग्रंथालयात बसून तपासता येतो आणि त्यासाठी मुसोलिनीच्या विरोधकांच्या पुस्तकांना हात लावायचीही फारशी गरज पडत नाही.

पेन्शनचं प्रकरण सगळ्यांत सोपं. मुसोलिनी पंतप्रधान झाला 31 ऑक्टोबर 1922 रोजी. कामगारांसाठी वार्धक्य आणि अपंगत्वाचा विमा सक्तीचा करणारा वटहुकूम 21 एप्रिल 1919 चा आहे, क्रमांक 603. ऐच्छिक योजना तर 1898 पासूनची. 1933 मध्ये सरकारने हा विमा चालवणाऱ्या संस्थेच्या नावात 'फॅसिस्ट' हा शब्द घुसवला. पाटी बदलली, श्रेय खिशात. इटलीच्या राजपत्राचे त्या काळातले अंक आता घरबसल्या चाळता येतात, त्यामुळे तपासायला सबब नाही.

गाड्यांचं थोडं गुंतागुंतीचं आहे. मुख्य मार्गांवरच्या प्रतिष्ठेच्या गाड्या सुधारल्या, हे खरं. पण पहिल्या महायुद्धात खिळखिळ्या झालेल्या रेल्वेची डागडुजी 1922 च्या आधीच सुरू झाली होती. बोलोन्या-फ्लॉरेन्स थेट मार्गाचं उद्घाटन 1934 मध्ये वाजतगाजत झालं. काम सुरू झालं होतं 1913 मध्ये. इथे वाचकाने एक खबरदारी घ्यावी. 1926 च्या अखेरीपर्यंत विरोधी वृत्तपत्रं बंद पाडली गेली आणि उरलेल्यांना काय छापायचं, काय नाही, याचे आदेश वरून जात. त्यामुळे तेव्हाच्या अंकांत उशिराची तक्रार सापडली नाही, एवढ्यावरून गाडी वेळेवर होती असं म्हणता येत नाही.

दलदलीचं श्रेय बऱ्याच अंशी देऊन टाकू. रोमच्या दक्षिणेला पोन्तिनो भागात 1932 मध्ये लित्तोरिया (आजचं लातिना) आणि 1934 मध्ये साबाउदिया ही शहरं खरंच उभी राहिली. मात्र मलेरियाशी सरकारी लढाई, म्हणजे सरकारने क्विनीन पुरवणं, 1900 पासूनची.

आता 'जेत्यांनी लिहिलेला इतिहास'. खरी मेख इथे आहे. रोमच्या केंद्रीय अभिलेखागारात मुसोलिनीच्या खासगी सचिवालयाचे कागद आहेत. तिथेच राजकीय संशयितांच्या पोलिसी फायली आहेत, दीड लाखांहून अधिक. हे दप्तर फॅसिझमच्या आधीपासूनचं, पण फॅसिस्ट राजवटीत ते फुगत गेलं. फाईल उघडली की माणसाचं वर्णन, फोटो, तो कुठे राहतो, कोणाला भेटतो याच्या नोंदी. यातलं काही ब्रिटिशांनी किंवा अमेरिकनांनी लिहिलेलं नाही. लिहिणारे इटलीचेच पोलिस.

इटलीने इथिओपियाविरुद्ध केलेल्या युद्धाचंही तसंच. युद्धात विषारी वायू वापरण्यावर बंदी घालणारा 1925 चा जिनिव्हा करार इटलीने 1928 मध्ये मान्य केला होता. तरी 27 ऑक्टोबर 1935 च्या तारेत मुसोलिनीने तिथला सेनापती ग्रात्सियानी याला शेवटचा उपाय म्हणून वायू वापरायची परवानगी दिली. 28 डिसेंबरला दुसरा सेनापती बादोल्यो याला गेलेल्या तारेत तो संकोचही उरला नाही: कोणताही वायू, मोठ्या प्रमाणावरही चालेल. इतिहासकार आंजेलो देल बोका यांनी वायूहल्ल्यांचे पुरावे मांडले, तेव्हा या युद्धात स्वतः अधिकारी म्हणून गेलेले नामवंत पत्रकार इंद्रो मोंतानेल्ली वर्षानुवर्षं म्हणत राहिले की असं काही घडलंच नाही. 1996 मध्ये इटलीच्या संरक्षणमंत्र्यांनी वायूचा वापर अधिकृतपणे मान्य केला. त्यानंतर मोंतानेल्लींनीही आपलं चुकल्याचं जाहीरपणे कबूल केलं.