बाइट तुटतो, खापर मराठीवर

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या दोन-तीन ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. खानापूर, निपाणीकडूनही तोच परत आला. म्हणणं थोडक्यात असं: संगणकातली जुनी कामं सी ही प्रोग्रामिंग भाषा आणि शेल (टाइप करून हुकूम द्यायची सोय) यांवर चालतात, सीमध्ये एक अक्षर म्हणजे एक बाइट (० ते २५५ मधला एक आकडा मावणारा डबा), त्यामुळे देवनागरी नावं त्यात बसत नाहीत. ती तुटतात, शोधून सापडत नाहीत, वर तिप्पट जागा खातात. सबब पतसंस्था, मंडळं, शाळांनी याद्या इंग्रजी लिपीतच ठेवाव्यात. खाली 'सर्वांना पाठवा' आहेच.

माझा दिवस अशाच याद्यांशी झटण्यात जातो, म्हणून गप्प बसवेना.

'एक अक्षर, एक बाइट' हे मुळातच चूक. सीमधल्या 'चार' (char) या प्रकाराचं नाव कॅरेक्टरवरून आलं असलं तरी तो एका बाइटचा डबा आहे. अक्षर एका डब्यात मावलं नाही तर शेजारचे दोन घेतं. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ ही अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत मांडली ती जुने प्रोग्राम न मोडता हे जमावं म्हणूनच. आपला ळ त्यात २२४, १६४, १७९ असा लिहितात. कन्नड ळ २२४, १७८, १७९. पुढचा-मागचा तोच, भांडण काय ते मधल्या बाइटचं. सीमाप्रश्नावर यापेक्षा स्वस्त विनोद मला सुचत नाही. मुद्दा असा की अशा अक्षरातला प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याच्या वरचा असतो. शून्य (सीमध्ये मजकूर संपल्याची खूण) किंवा स्वल्पविराम अक्षराच्या पोटात कधीच सापडत नाही. त्यामुळे स्ट्रिंग म्हणजे मजकूर कॉपी करणं, जोडणं, स्वल्पविरामावर ओळ फोडणं, सगळं जुनंच कोड मराठीवर चालतं.

स्ट्रलेन या सीमधल्या लांबी मोजणाऱ्या फंक्शनला 'निपाणी' दिलं की ते १८ सांगतं, हा मेसेजवाल्यांचा हुकमी पुरावा. अहो, त्याचं कामच बाइट मोजायचं. युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांची क्रमांकवार यादी, सहा मोजतं, कारण वेलांटी आणि काना तिथं वेगळे धरतात. आपण बोटांवर तीन मोजतो. तिन्ही उत्तरं बरोबर, विचारणाऱ्यानं काय विचारलं ते बघायचं.

आता तुटण्याचं. होय की, तुटतात. एका संस्थेच्या पासबुकावर माझा पत्ता 'चिक्को' असा आला, पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. रकाना २० बाइटांचा, 'चिक्कोडी' २४ बाइटांचं. चिक्को १८ बाइटांत बसलं आणि ड चे तीनपैकी दोनच बाइट आत शिरले. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं स्ट्रएनकॉपी हे ठरावीक बाइट कॉपी करणारं फंक्शन वापरलं असेल तर आणखी एक घोळ: नाव मावलं नाही की ते शेवटचा शून्य लावतच नाही, मग पुढच्या रकान्यातला कचराही छापला जातो. यात मराठीचा काय दोष? जिथं कापायचं तिथला बाइट बघा. तो १२८ ते १९१ मधला असेल तर आपण अक्षराच्या मध्यावर उभे आहोत. तो पट्टा सुटेपर्यंत मागे या आणि मग कापा. काना-मात्रा मागे राहू नये म्हणून अजून एक तपासणी. चार-पाच ओळींचं काम आहे.

शेलमधला सापळा जास्त लबाड. बॅश या शेलमध्ये टर्मिनलवर, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, लांबी विचारली तर निपाणी सहा. तीच विचारणा स्क्रिप्टमध्ये घालून रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालली की १८. क्रॉनला बहुतेक वेळा तुमच्या टर्मिनलचा लोकेल, म्हणजे भाषा-लिपीची सेटिंग, मिळतच नाही. मी यात दोन रात्री घालवल्यात. स्क्रिप्टच्या डोक्यावर एलसी_ऑल या सेटिंगमध्ये यूटीएफ-८चा लोकेल लिहिला की सुटलं. 'कट' या मजकूर कापणाऱ्या हुकमाबद्दल मात्र मेसेजवाल्यांची बाजू मान्य: जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं कट वर्षानुवर्षं 'मायनस सी' (अक्षरं) आणि 'मायनस बी' (बाइट) एकच धरत आलंय, म्हणजे अक्षर मागा, बाइटच मिळतो. नावं कापायला गॉक हे दुसरं साधन घ्या.

'शोधून सापडत नाहीत' हे ग्रेप हा शोधायचा हुकूम वापरलेल्या कुणालाही पटणार नाही. खरी अडचण वेगळी आहे आणि ती मेसेजमध्ये नाहीच. 'कुऱ्हाडे' तीन तऱ्हांनी टाइप होतं: सबंध ऱ, किंवा र खाली नुक्ता, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला तिन्ही सारखी, स्ट्रकम्प या तुलना करणाऱ्या फंक्शनला तीन वेगळी माणसं. पहिली दोन युनिकोडच्या नॉर्मलायझेशननं, म्हणजे एकसारखी रूपं एक करायच्या नियमानं, एक होतात, तिसऱ्यासाठी सेड या मजकूर बदलणाऱ्या हुकमाची एक ओळ घालावी लागते. नाव भरतानाच हे केलं तर पुढं त्रास नाही.

तिप्पट जागेचं काय सांगावं! पाच हजार सभासद, प्रत्येकाच्या नावात २५ चिन्हं, तर सगळे मिळून पावणेचार लाख बाइट. मोबाइलवरचा एक फोटो याच्या कितीतरी पट असतो.

राहिला उपाय, इंग्रजी लिपीचा. ळ मराठीत आहे, कन्नडमध्येही आहे, नेमका तिथं नाही. एका सोसायटीनं तशी यादी करून बघितली. लाभांशाच्या दिवशी काउंटरवर दोघं उभे, एक काळे आणि एक काले, पहिलं नावही तेच, आणि क्लार्क दोघांचे फोटो आलटून पालटून बघत बसला होता.