घरी वाचून घ्या

दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये तिसरा धडा आहे, सजीवांतील जीवनप्रक्रिया. अमिबा दुभंगतो, हायड्राला कलिका फुटते, मग येतं जास्वंदाचं फूल. मुलं घरून फुलं घेऊन येतात, आम्ही ब्लेडने ती उभी कापतो, पुमंग दाखवतो, जायांग दाखवतो. वर्गात रंगत येते. दोन-चार पानं पुढे गेलं की मानवी प्रजनन संस्था येते. तिथे कितीतरी शिक्षक घड्याळाकडे बघतात आणि म्हणतात, "हे सोपं आहे, घरी वाचून घ्या."

मीही हे म्हटलंय. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वीस वर्षांहून जास्त काळ विज्ञान शिकवते. त्यातली पहिली कितीतरी वर्षं मी हेच वाक्य म्हणत आले. आज मनाचा हिय्या करून हे लिहितेय, कारण मुलं घरी काय "वाचतात" ते मला आता नीट माहीत आहे: मोबाइलवरचे अश्लील व्हिडिओ.

सात-आठ वर्षांपूर्वी मी वर्गात खडूचा रिकामा खोका ठेवला. झाकणाला फट पाडली. ज्याला जो प्रश्न असेल तो त्याने चिठ्ठीवर लिहायचा, नाव घालायचं नाही, शनिवारच्या तासाला मी उत्तर देणार. सुरुवातीला यायचे ते प्रश्न साधे होते. पाळीत देवळात का जाऊ देत नाहीत? मुरुमं कशाने जातात? सगळ्यांना मिसरूड फुटली, मलाच का नाही? आवाज असाच घोगरा राहणार का? त्या वयाचे प्रश्न, त्या वयाची काळजी. मला ते वाचताना मजाही वाटायची आणि बरंही वाटायचं.

कोरोनानंतर चिठ्ठ्या बदलल्या.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा पाण्यासारखा स्वस्त झाला. तरीही आमच्याकडे पोराच्या हातात त्याचा स्वतःचा फोन नव्हता. तो आला २०२० मध्ये, शाळा बंद झाल्यावर. आम्हीच निरोप धाडले होते, ऑनलाइन तास आहेत, मोबाइल लागेल. कुणी शेळी विकली, कुणी ऊसतोडीच्या मुकादमाने आगाऊ दिलेल्या उचलीतून घेतला. पुढे शाळा उघडल्या, फोन मात्र घरातच राहिले. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईबाप दसरा झाला की कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्यावर जातात, ते पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच परततात. पाच-सहा महिने पोर आजीपाशी. आईचा आवाज ऐकायचा तर फोन हवाच. आजीला अक्षरओळख नाही. शहरातले तज्ज्ञ सांगतात, मुलांच्या फोनवर लक्ष ठेवा, पासवर्ड घाला, स्क्रीन टाइम ठरवा. त्या आजीने काय ठरवायचं?

माझ्या वयाचे पुरुष मला म्हणतात, "बाई, तुम्ही उगाच बाऊ करता. आम्हीही पिवळी पुस्तकं वाचली, व्हीसीआर भाड्याने आणून बीपी, म्हणजे ब्लू फिल्म बघितली. काय बिघडलं आमचं?" मी यावर खूप विचार केलाय. त्यांना ते मिळवायला खटपट करावी लागायची. पैसे गोळा करायचे, कुणाचं तरी घर रिकामं लागायचं, एखादा मोठा पोरगा लागायचा, आणि तोवर वय सोळा-सतरा झालेलं असायचं. कॅसेट संपायची. आता अकरा वर्षांच्या पोराला शोधावंही लागत नाही. वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतं, गेम खेळताना जाहिरात येते, एका बोटाने एकातून दुसरं उघडत जातं आणि ते कधी संपत नाही. नजर जिथे थबकते, तसंच पुढचं समोर येतं. थबकायला लावायचं तर प्रत्येक पुढचं आधीच्यापेक्षा जास्त राकट लागतं. इंग्लंडच्या बाल आयुक्तांनी २०२३ मध्ये एक अहवाल काढला. तिथल्या तरुण मुलामुलींनी सांगितलं की हे पहिल्यांदा बघितलं तेव्हाचं त्यांचं सरासरी वय होतं १३. शंभरातल्या दहा जणांनी नऊ वर्षांचे होईपर्यंत बघितलं होतं. आणि ७९ टक्क्यांनी अठरा पूर्ण होण्याआधी मारझोडीचं, जबरदस्तीचं चित्रण बघितलं होतं.

आणि काय बिघडलं आमचं, असं म्हणणाऱ्या भावांना माझी कळकळीची विनंती आहे. हा प्रश्न एकदा घरी आपल्या बायकोला विचारून बघा.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात एक चिठ्ठी आली. आलेख कागदाचा फाडलेला कोपरा, चार घड्या घातलेला, पेन्सिलने बारीक अक्षर. "त्यात ती रडत असते तरी तो थांबत नाही. ती खरंच रडते का?"

शनिवारपर्यंत तो कागद माझ्या पर्समध्ये होता. काय उत्तर द्यावं हे मला समजत नव्हतं. रडत नाही, सगळा अभिनय असतो, असं सांगितलं तर पोरींचं खरं रडणंही कुणी खरं मानणार नाही. खरंच रडते म्हटलं तर हे लेकरू काय बघून बसलंय ते त्याच्या डोक्यातून कधी जायचं? शेवटी होतं तसं सांगितलं. त्यातलं बरंचसं पैशासाठी केलेलं असतं, कॅमेऱ्यासमोर, कापून-जोडून. पण काही बायका-पोरींना फसवून, धमकावून आणलेलं असतं आणि त्या खरंच रडत असतात. नुसतं बघून आपल्याला दोन्हींतला फरक ओळखू येत नाही. मग मी एक गोष्ट फळ्यावर लिहिली: त्या व्हिडिओत कुणी कुणाला विचारत नाही. चालेल का, दुखतंय का, थांबू का, असं तिथे कुणी म्हणत नाही. समोरचं माणूस नको म्हणालं, गप्प झालं, बाजूला सरलं, तर थांबायचं. नवरा-बायको असले तरीही. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

माझं म्हणणं या एका फळ्यावरच्या ओळीत आहे. पोरांनी उघडी माणसं बघितली म्हणून माझा जीव जळत नाही. ज्या वयात न विचारता हात लावायचा नसतो हे शिकायचं, त्या वयात त्यांच्यापुढे हजारो वेळा न विचारणारीच माणसं येतात, आणि याउलट सांगणारं घरात, शाळेत, गावात एकही तोंड उघडत नाही, हे मला झोपू देत नाही.

मुलांबद्दलही तितकंच लिहायला हवं, कारण आपण त्यांना गुन्हेगार ठरवून मोकळे होतो. एक चिठ्ठी होती, "मी खूप पाप केलं आहे. माझं लग्न होऊ शकेल का?" चौदा वर्षांच्या पोराचा प्रश्न. पुढे चौकशी केल्यावर कळलं की बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला तंबू टाकून बसणाऱ्या जडीबुटीवाल्याकडे आमच्या शाळेची दोन मुलं जाऊन आली होती. शरीरातली धातू, म्हणजे वीर्य गेलं, ताकद संपली, असं सांगून त्याने त्यांच्याकडून पैसे उकळले होते. एकाने तर आजीच्या पिशवीतून काढून दिले होते. ही भीती आपल्याकडे जुनी आहे. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये तिला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. पोर बघतं, मग स्वतःला किळसवाणं समजतं, झोप उडते, अभ्यासातून मन उडतं, आणि त्या घुसमटीतून सुटायला पुन्हा तेच बघतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, लैंगिक वर्तनावर ताबा न राहणं हा विकार म्हणून नोंदवलाय. पण तिथेच असंही लिहिलंय की नुसतं 'मी वाईट वागलो' या भावनेने येणारा त्रास या निदानाला पुरेसा धरायचा नाही. मी हे वर्गात सोप्या भाषेत सांगितलं. शरीर बदलतं, इच्छा होतात, त्याने कुणी नासत नाही, लग्नाला काही होत नाही. झोप, जेवण, अभ्यास, खेळ सुटायला लागला तर मात्र कुणाशी तरी बोलायचं. सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, हेही सांगितलं. त्या वर्गातल्या एकालाही ते माहीत नव्हतं.

आता पालकांनो, हे नीट वाचा. पोरीचा साधा फोटो उचलून त्याला नागव्या अंगाची जोड द्यायला आता मिनिटं पुरतात. ती पोरगी धमकीला बळी का पडते, माहीत आहे? घरी सांगितलं तर पहिल्यांदा फोन जाणार, दुसऱ्यांदा शाळा जाणार, आणि तिसऱ्यांदा स्थळं बघायला सुरुवात होणार, हे तिला पक्कं ठाऊक असतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायकांपैकी जवळजवळ २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं, आणि आमच्या बीडमध्ये हे प्रमाण त्याच्या सुमारे दुप्पट आहे. हे आकडे माझ्यासाठी हजेरीपटावरची नावं आहेत. दिवाळीनंतर रिकाम्या झालेल्या बाकांपैकी एका बाकामागे मला असा एक फोटो माहीत आहे. पोरीचा दोष काडीचाही नव्हता.

म्हणून पोरीला आधी सांगून ठेवा की काहीही झालं तरी तुझा फोन काढून घेणार नाही, तुझी शाळा बंद करणार नाही. मग ती सांगेल. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, १९३० सायबर फसवणुकीचा, आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर नाव न सांगताही अशी तक्रार करता येते. मुलांनाही सांगा. अठराच्या आतल्या कुणाचीही तसली चित्रफीत पुढे धाडणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली गुन्हा आहे, आणि २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती नुसती जवळ ठेवण्याबद्दलही कडक भूमिका घेतली. "मी फक्त फॉरवर्ड केलं" म्हणणारी मुलं मी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेली बघितली आहेत. ती रडत होती.

बंदीचं म्हणाल तर ती येऊन गेली. २०१५ मध्ये केंद्राने ८५७ साइट बंद करायला सांगितल्या आणि काही दिवसांतच माघार घेतली. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा ८२७ बंद झाल्या. माझ्या नववीतली पोरं व्हीपीएन, म्हणजे बंद साइट उघडायची युक्ती, हा शब्द माझ्याआधी शिकली. तरीही ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून अशा साइटवर वयाची खात्री करणं सक्तीचं झालंय, ते मला पटतं. सोळा वर्षांचा पोरगा पळवाट काढेल, पण चुकून तिथे जाऊन पडणारं नऊ वर्षांचं लेकरू तरी वाचेल. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली, तेही मला आवडलं. फक्त त्या दीड तासात आपण मुलांशी काय बोलायचं, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

बोलायचं तर २००७ मध्ये याच राज्याने शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. संस्कृतीला धोका म्हणून. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक चालवत होते, त्याच महाराष्ट्रात. १९३४ मध्ये ज्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच झाला होता. लोकांनी पत्रं लिहून विचारलं, कर्व्यांनी छापून सांगितलं. खटला ते हरले. माझा खडूचा खोका बघून मुख्याध्यापकांच्या खोलीत पहिल्यांदा बोलावणं आलं, तेव्हा मला तेच आठवत होतं.

त्या आलेख कागदावरचं अक्षर मी ओळखलं होतं. दोन वर्षं तिच्या वह्या तपासल्यात, 'र' काढायची तिची तऱ्हा वेगळी आहे. उत्तर देताना मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते. तिला मी आजवर काही विचारलेलं नाही, विचारणारही नाही. यंदा ती दहावीत आहे. आईबाप कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलेत, ती आजीजवळ आहे आणि रोज शाळेत येतेय. परवा तिसऱ्या धड्याला सुरुवात केली. जास्वंदाची फुलं तिनेच आणली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून. सोमवारी पुढचं पान आहे, आणि त्या तासासाठी मी लागोपाठ दोन तासिका मागून घेतल्यात.