हिला काय हवंय?

आज दुपारी एका बँकेत काउंटरवरच्या माणसाने बावीस वर्षांच्या मुलीला ओलांडून तिच्या आईला विचारलं, "काकू, हिला काय हवंय?" खातं मुलीचं, स्लिप तिने भरलेली, काढायचे दोन हजारही तिचेच. आणि आईने उत्तर देऊन टाकलं! डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. श्वास, जीभ आणि ओठ यांचा मेळ बसत नाही, म्हणून बोलणं अस्पष्ट. ऐकू नीट येतं, समजतं सगळं, हिशोब पक्का. पण बोलणं अडखळलं की बुद्धीही अडखळत असणार, हे आपल्याकडे परस्पर ठरलेलं असतं.

असल्या मुलींसाठी 'आत्मविश्वास शिबिरं' होतात. फुगे, नाच, प्रमाणपत्र, सामोसा. त्यातून काउंटरपुढे उभं राहायची हिंमत येत नाही हो. ती येते आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत पोचलं की. दहादा पोचलं की अकराव्यांदा मान आपोआप वर होते. म्हणजे तयारी करायची ती म्हणणं पोचवण्याची, आणि ती अगदी साध्या गोष्टींपासून.

पहिलं म्हणजे कार्ड. आधार कार्डाएवढं, लॅमिनेट केलेलं, ठळक अक्षरांत: "मला ऐकू येतं आणि समजतं. बोलायला वेळ लागतो. कृपया माझ्याशीच बोला. नाही कळलं तर पुन्हा विचारा." बहुतेक घरांत कार्ड करतात आणि त्यावर लिहितात, "ही मुलगी बोलू शकत नाही, संपर्क: आई, मोबाइल अमुक." झालं! समोरचा कार्ड वाचून सरळ आईला फोन लावतो आणि मुलगी पार्सलसारखी बाजूला उभी. वाक्य 'मी'चं हवं. आईचा नंबर मागच्या बाजूला, अडचणीपुरता.

दुसरं, अक्षरांचा तक्ता. बोलताना प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवायचं. काना-मात्रा नको, नुसतं क, प, ब. ऐकणाऱ्याला शब्दाचा अंदाज येतो आणि बोट हलवायचं म्हणून बोलण्याचा वेगही उतरतो. दोन-तीन शब्द, मग श्वास. घाईत सगळं वाक्य एका श्वासात रेटलं की शेवटचे शब्द विरतात, आणि नेमकी रक्कम शेवटी असते. म्हणून रक्कम आधी: "दोन हजार. काढायचेत." फोनवर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप चित्रावर बोट ठेवलं की मराठीतही बोलतं, जरूर शिकवा. पण कागदाचा तक्ता पर्समध्ये हवाच. बॅटरी नेमकी काउंटरवरच संपते.

तिसरं म्हणजे सराव. पहिल्या दिवशी बँकेत जाऊन फक्त बघून यायचं. दुसऱ्या खेपेला स्लिप भरायची. मग घरी कुणीतरी खडूस कारकून व्हायचं (काका लोक हे आनंदाने करतात) आणि स्लिपवर नसलेला प्रश्न विचारायचा. कारण गाडी अडते ती तिथेच. कळलं नाही तर पुन्हा सांगायचं, तरी नाही तर शब्द बदलायचा, तरी नाही तर लिहून दाखवायचं. हा क्रम तोंडपाठ हवा.

आता समोर ऐकणाऱ्यांसाठी. मान्य, रांगेत मागे दहा माणसं खोळंबलेली असतात आणि कारकुनालाही लंचची घाई असते. पण तिच्या उत्तरासाठी थांबून मनात दहापर्यंत मोजायला किती वेळ लागतो? आणि "पैसे काढायचेत की भरायचेत?" असं विचारू नका, मान हलवून त्याचं उत्तर देता येत नाही. "काढायचेत?" एवढंच विचारा. सगळ्यात वाईट म्हणजे न कळताच "हो हो" म्हणणारे. जेवढं कळलं तेवढं परत बोलून दाखवा: "दोन हजार, बरोबर?"

काही ठिकाणी तर सेरेब्रल पाल्सी म्हटलं की नॅशनल ट्रस्ट कायद्याखालचा (या कायद्यात सज्ञान दिव्यांगालाही कायदेशीर पालक नेमता येतो) पालकत्वाचा दाखलाच मागतात. सज्ञान, समजत्या मुलीला पालक कशाला? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं तेरावं कलम तिला स्वतःचे पैसे स्वतः सांभाळायचा हक्क देतं. त्याची झेरॉक्स पर्समध्ये ठेवा. भांडायची वेळ येणारच आहे.

आता जे लिहायला नको वाटतं ते. मुलींचे चित्रतक्ते, म्हणजे बोट ठेवून म्हणणं सांगायचे चित्रांचे तक्ते, उघडून बघा. पाणी, जेवण, झोप, शू, आनंदी, दुःखी. 'नको' आहे? 'थांब' आहे? 'हात लावू नकोस'? छाती, मांडी, शूची जागा? पाळी, पॅड, पोट दुखतंय? "शी, असली चित्रं कशी ठेवायची," म्हणतात घरचे. फौजदारी कायद्यात 2013 च्या दुरुस्तीने सोय केली की लैंगिक अत्याचाराची तक्रार दिव्यांग बाईच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या समक्ष नोंदवायची आणि तिचं चित्रीकरण करायचं. छान. दुभाषी आला, कॅमेरा लागला, आणि ती बोट ठेवणार कुठल्या चित्रावर? 'दुःखी'वर?

'नको' शिकवायचं तर ते घरात चालायला हवं. कारल्याची भाजी नको म्हणाली तर वाढू नका. मावशीची पापी नको तर नको, मावशी रुसली तर रुसू दे. आपण मात्र वर्षानुवर्षं तिच्या मुकाट्याने ऐकण्याचं कौतुक करतो आणि मग बाहेर तिने ओरडावं अशी अपेक्षा धरतो.

परत त्या काउंटरपाशी. आईवर चिडले होते मी, खरंच. आता लिहिता लिहिता राग उतरलाय थोडा. बावीस वर्षं डॉक्टर, मास्तर, रिक्षावाले, सगळ्यांनी तिलाच विचारलंय, "हिला काय हवंय?" उत्तर देणं ही तिची सवय नाही, नोकरी झालीये, बिनपगारी आणि बिनरजेची. तिलाही शिकवायला हवं: प्रश्न आला की तोंड मिटायचं, मुलीकडे बघायचं आणि एक पाऊल मागे सरकायचं. मुलीच्या सरावापेक्षा हे अवघड जातं, कबूल.

बाहेर आल्यावर मुलीने तक्त्यावर आईला दाखवलं: प. ग. म. "पुढच्या गुरुवारी मी." आई म्हणाली, "बरं, मी पायरीवर बसेन." गुरुवारी तीननंतर गर्दी कमी असते, तेव्हाच जायचं ठरलंय.