विश्वासराव दुसऱ्या पानावर

पेशव्यांचं घराणं हा श्रोत्यांचा छळच आहे. आजोबा बाळाजी, नातूही बाळाजी. काका माधवराव, पुतण्या सवाई माधवराव. शिवाय 'भाऊसाहेब नक्की कुणाचे भाऊ?' असं विचारणारा एक तरी निघतोच. (नानासाहेबांचे. चुलत. चिमाजी आप्पांचा मुलगा.) म्हणून परवा ज्येष्ठ नागरिक संघात पानिपतावर बोलायला जाताना मी वंशावळ, नकाशा आणि मुद्दे छापून नेले. दोन-दोन पानं, पिन मारलेली. झेरॉक्स स्वखर्चानं, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या रांगेत एक काका होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाला लावला आणि निघाले. मी उदगीरला, तर ते कुंजपुऱ्यावर. "कुंजपुरा घेतला बरं का आपण!" त्यांनी शेजाऱ्याला मोठ्यानं कळवलं. टाळ्या पडल्या. माझ्यासाठी नव्हे.

"काका, तिकडे येतोच आहे मी."

"या, या. सावकाश या. आम्ही आहोत इथं."

मी यमुनेच्या पुरापाशी येतोय तोवर त्यांनी पान उलटलं. "अरेरे! विश्वासराव गेले." मागून एक आजी कळवळल्या, "कधी हो?" "दुसऱ्या पानावर." मग सगळ्या सभागृहानं सळसळ करत पान उलटलं. माझ्या भाषणात विश्वासराव अजून घोड्यावर होते.

खरं तर माइक बरा असता तर कागद लागलेच नसते. तो मध्येच शिट्टी मारायचा, मध्येच मरायचा. प्रमुख पाहुण्यांच्या फोटोचा फ्लेक्स मात्र भिंतभर. पाहुणे दीपप्रज्वलन करून गेले ते गेलेच.

शेवटी १४ जानेवारी १७६१ उलटून गेल्यावर मी आवाज खाली आणला. पानिपताची खबर देणारा तो प्रसिद्ध सांकेतिक निरोप मी नेहमी शेवटाला राखून ठेवतो. "दोन मोती गळाले..." म्हणालो आणि थांबलो. हा थांबा मी आरशासमोर घोटलेला आहे.

"भाऊ आणि विश्वासराव," काका म्हणाले. "कंसात दिलंय."

आभारही त्यांनीच मानले. कागद इतका सविस्तर होता, की मध्ये जरा डोळा लागला तरी काही चुकलं नाही, म्हणाले. यालाही टाळ्या.

मला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. झेरॉक्सचं बिल खिशातून काढावं की नको, या विचारात मी असतानाच कार्यवाह उरलेला गठ्ठा उचलत म्हणाले, "हे राहू दे ना इथंच. मागची बाजू कोरी आहे, हिशेबाला होईल."