सरासरीत राहायचंय का कुणाला?

"तिकडे हवा छान आहे, घरंही स्वस्त आहेत. येऊन राहा की!" शहरांच्या तापमानाचा नि घरभाड्याचा तक्ता पुढे करून हे पुन्हा कुणी ऐकवलं तर मी खरंच कोपरापासून हात जोडणार आहे.

अरे, हवा छान म्हणजे कधी? तू सुट्टीत चार दिवस गेला होतास तेव्हा? आणि ते वर्षाचं सरासरी तापमान तर माझ्या तोंडावर फेकूच नका. बीजिंग आणि सॅन फ्रान्सिस्को, दोन्हींची सरासरी १३-१४ अंशांच्या आसपास. पण बीजिंगला जानेवारीत पारा शून्याखाली आणि जुलैत तिशीपार. सॅन फ्रान्सिस्कोत भर जुलैत धुकं आणि अंगात जाकीट! दमटपणाचं तर नावच नको. कोरड्या हवेत ३५ अंश एक वेळ सोसतात, दमट हवेत घाम वाळतच नाही, माणूस उकडून निघतो. तक्त्यात मात्र दोन्हीकडे ३५च.

घरांचंही तेच. भाडं निम्मं म्हणे! हिवाळाभर हीटर नाहीतर उन्हाळाभर एसी, ते बिल कोण मोजणार? पूर येणाऱ्या भागातला विमा? आणि पगारही निम्मा झाला तर त्या स्वस्ताईला काय चाटायचंय?

बरं, जिथे हवा खरोखरच छान, तिथे सगळ्यांनाच राहायचं असतं, म्हणून तिथलं घर परवडत नाही. (पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोच बघा.) एवढं सांगितलं की समोरचा म्हणतो, "तू फारच निगेटिव्ह बाबा!" आणि आठवड्याभरात नवा तक्ता पाठवतो.